होतंय की! दोन जपानी पाहुणे आणि सांगलीचे चार दिवस

मामीचा फोन आला की पहिला प्रश्न अजूनही तोच. "त्या थोरल्या साहेबांचं पोट बरं झालं का गं?" साहेब टोकियोत ठणठणीत आहेत हे मी तिला चार वेळा सांगून झालंय. तिचा विश्वास बसत नाही, कारण जे झालं ते तिच्याच पंगतीत झालं. पण ते पुढे.

मी पुण्यात जपानी दुभाषी म्हणून काम करते. माझा मामेभाऊ, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो, सांगलीत हळदीचा व्यापार करतो. हळकुंडं घ्यायची, पॉलिश करायची, थोडी दळून भुकटी विकायची. गेल्या वर्षी त्याच्या डोक्यात जपान शिरला. एका आयातदार कंपनीकडे नमुने गेले, बऱ्याच मेल झाल्या, आणि फेब्रुवारीच्या शेवटी दोन माणसं प्रत्यक्ष माल बघायला आली. एक साठीला टेकलेले, खरेदी बघणारे. दुसरे पस्तिशीतले, गुणवत्ता तपासणारे. मामानं पहिल्याच दिवशी त्यांची नावं थोरले आणि धाकटे अशी ठेवली, तीच मी इथे वापरते. दुभाषी अर्थातच मी, आणि घरचं कार्य म्हणून बिनपगारी.

दादानं तयारी जोरात केली होती. व्हिडिओ बघून कमरेतून वाकायची तालीम झाली होती. वाकण्यात त्याची एकदाही चूक झाली नाही. बाकी सगळीकडे झाली, आणि काही ठिकाणी माझीही.

पहिला दिवस : पुणे ते सांगली

सहाला निघायचं ठरलं होतं. मी सहाला पाच कमी असताना हॉटेलवर पोचले, तर दोघं बॅगा घेऊन पायरीवर उभे. जपानी माणसाच्या लेखी वेळेवर येणं म्हणजे पाच-दहा मिनिटं आधी येणं. सांगलीच्या माणसाला हे सांगताना मी वेळच पंधरा मिनिटं अलीकडची सांगते. पुढच्या तीन दिवसांत दादाच्या बाबतीत तो उपाय बऱ्यापैकी लागू पडला.

खंबाटकी ओलांडली आणि साताऱ्यात चहाला थांबलो. कंदी पेढ्यांचा खरपूस वास दोघांनाही आवडला. धाकट्यांनी एक पेढा अर्धा करून आतला रंग बघितला, वास घेतला, मगच तोंडात टाकला. हा माणूस आपल्याला सोपा जाणार नाही, हे मला तिथेच कळलं.

गाडीत थोरल्यांनी एक गंमत सांगितली. जपानी घरात करी-राईस हा आता अगदी आपल्या वरणभातासारखा रोजचा पदार्थ आहे, पण तो भारतातून थेट गेलेला नाही. मेइजी काळात इंग्रजांच्या मार्गे गेला. त्यामुळे कित्येक जपानी लोकांच्या मनात करी ही मुळात इंग्रजांकडून आलेली वस्तू. आणि हळदीला ते 'उकोन' म्हणतात. उकोनच्या छोट्या बाटल्या तिथे दुकानात मिळतात, पार्टीला जाण्याआधी पितात. का, तर दारू बाधू नये म्हणून. मामाला हे नंतर सांगितलं तेव्हा तो एवढा हसला की त्याला ठसका लागला. "आपण खोकल्याला पितो, ते दारूला पितात!"

पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळलो, ऊन चढलं होतं. घरी दारात ओवाळणं, फेटे, सगळं झालं. मग व्हिजिटिंग कार्डं. थोरल्यांनी दोन्ही हातांनी कार्ड पुढे केलं. दादानं एका हातानं घेतलं, "थँक्यू थँक्यू" म्हणत पँटच्या मागच्या खिशात सरकवलं आणि सोफ्यावर बसला. म्हणजे साहेबांच्या कार्डावरच बसला. धाकट्यांची नजर त्या खिशापर्यंत जाऊन परत आली.

कार्ड दोन्ही हातांनी घ्यावं, क्षणभर वाचावं, नाव एकदा उच्चारून बघावं, आणि बैठक संपेपर्यंत समोर टेबलावर ठेवावं. चारपाच जण असतील तर ते ज्या क्रमानं बसलेत त्याच क्रमानं कार्डं मांडावीत, नावं चुकत नाहीत. कार्डावर त्यांच्यासमोर पेनानं काही लिहू नये. दादाला हे रात्री सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, कालच सांगायचंस की!" खरं आहे. मला वाटलं होतं व्हिडिओत असेल.

भेटवस्तूंचं मात्र बिनबोभाट जमलं. त्यांनी सुरेख कागदात गुंडाळलेला डबा दिला, मामीनं तो न उघडता देवघराशेजारी ठेवला. पाहुण्यासमोर भेट फोडून बघणं आपल्या घरात बरं दिसत नाही, त्यांच्याकडेही तीच रीत. आपण देताना चार नगांचा संच तेवढा टाळायचा. चारचा उच्चार 'शी', आणि मरणाचाही 'शी'.

आता जेवण. कृष्णाकाठची भरली वांगी, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही, आमटी-भात आणि शेवटी खरवस. जपानी माणसाला लहानपणापासून शिकवलेलं असतं की ताटात काही टाकायचं नाही, वाढलेलं संपवलं म्हणजे यजमानाचा मान राखला. आणि मामीला तिच्या आईनं शिकवलेलं की पाहुण्याचं ताट रिकामं दिसणं ही आपली नामुष्की. थोरले संपवत होते, मामी वाढत होती. मी दुसऱ्या टोकाला दादाशी बोलत होते, लक्षात आलं तेव्हा पाचवी भाकरी चालू होती. साहेबांच्या कपाळावर घाम, चेहऱ्यावर हसू. मी पळत जाऊन त्यांना सांगितलं, ताटावर हात आडवा धरा आणि थोडं उरू द्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी त्यांना चोरी करायला सांगतेय.

रात्री धाकटे माझ्याकडे औषध मागायला आले. ओवा दिला.

दुसरा दिवस : मार्केट यार्ड आणि हरिपूर

थोरले सकाळी ताक पिऊन तयार. सौदे निघायच्या आत यार्डात पोचलो. हंगामाची सुरुवात, पोत्यांच्या थप्प्या, हवेतही हळद. पांढरा शर्ट घालून जाऊ नका, एवढं सांगून ठेवते, धाकट्यांचा गेला. सुट्टीच्या दिवशी सौदे नसतात, तेव्हा आदल्या दिवशी कुठल्याही अडत्याला फोन करून विचारून जावं. हंगामात, साधारण फेब्रुवारी ते मे, गेलात तरच खरी गर्दी दिसते.

एका अडतीसमोर पोतं फोडलेलं, खरेदीदार मुठी भरून बघतायत, भाव चढतोय. थोरल्यांनी एक हळकुंड उचललं, कानाजवळ नेऊन मोडलं. कट्. आतला नारिंगी पिवळा रंग दोन्ही बाजूंनी बघितला. शेजारचा म्हातारा हमाल म्हणाला, "ह्यांना कळतंय." मी भाषांतर केलं. थोरले त्या हमालापुढे जेवढे वाकले तेवढे ते दादापुढे वाकले नव्हते.

मग मामानं रुमालाची गोष्ट काढली. जुन्या बाजारात रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव ठरायचा, बघणाऱ्याला पत्ता लागायचा नाही. थोरल्यांचे डोळे चमकले. टोकियोच्या मासळीबाजारात ट्युनाच्या लिलावाला अजून बोटांच्याच खुणा करतात, त्याला 'तेयारी' म्हणतात. तरुणपणी ते बाजारात जायचे. त्यांनी एक ते नऊच्या खुणा करून दाखवल्या, मामानं रुमाल टाकून आपल्या. दहा मिनिटं दोघं थप्पीला टेकून एकमेकांची बोटं धरून भाव सांगत होते आणि माझी कुणाला गरज नव्हती. चार दिवसांतलं माझं सगळ्यात आवडतं दृश्य हेच.

धाकट्यांचं लक्ष वेगळीकडे होतं. एका थप्पीकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "ही कोणत्या शेतकऱ्याची?" दादानं सांगितलं. "आणि तुमच्या गोदामात गेल्यावर?" दादा हसला. गोदामात आठ-दहा शेतकऱ्यांचा माल एकत्र होतो, प्रत लावून वेगळा होतो: हळकुंड, गड्डा, कणी. शेतकऱ्याच्या नावानं होत नाही. धाकट्यांनी वहीत एक ओळ लिहिली आणि खाली दोन रेघा मारल्या.

दुपारी हरिपूर. रस्त्याच्या चिंचा, संगमेश्वराचं देऊळ, कृष्णा-वारणेचा संगम. सांगलीची हळद नावाजली त्यात हरिपूरच्या पेवांचा मोठा वाटा. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची चर्चा निघाली की पेवांचा उल्लेख येतोच. पेव म्हणजे जमिनीतलं कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट रांजणासारखं फुगीर. आत उसाचा वाळला पाला लावायचा, पोती भरायची, तोंड मातीनं लिंपून टाकायचं. तिथल्या मातीत पाणी झिरपत नाही, म्हणून हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. २००५ च्या महापुरानं बरीच पेवं निकामी केली. आता बहुतेक माल गोदामात नाहीतर शीतगृहात जातो.

एक आजोबा भेटले, उभं आयुष्य पेवं भरण्या-काढण्यात गेलेलं. पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं, ते सांगत होते. आत वायू कोंडलेला असतो. तोंड उघडं टाकायचं, मग कंदील सोडायचा. विझला तर माणसानं आत पाय टाकायचा नाही. "न बघता उतरलेली माणसं मेलीत," ते म्हणाले. थोरल्यांनी विचारलं, आत उतरणारा माणूस कोण ठरवतो? आजोबा म्हणाले, "उतरणारा कोणपण चालतोय. वर दोर कोण धरतोय ते बघायचं." थोरले बराच वेळ गप्प होते. वहीत त्यांनी कंदिलाचं छोटं चित्र काढलं.

संध्याकाळी घाटावर भडंग. तिखट होतं, पण दोघांनी पुडी झटकून संपवली.

तिसरा दिवस : बैठक

ह्या दिवशी ऊन, खाणं, रस्ता, काही आठवत नाही. बैठक आठवते.

सकाळी गिरणी दाखवून झाली. डोक्याला जाळीच्या टोप्या, चुंबकाचा सापळा, चाळण्या. मग कार्यालयात बसलो. ह्या वेळी कार्डं टेबलावर, शिस्तीत. दादानं किलोचा भाव सांगितला. मी भाषांतर केलं. थोरल्यांनी दातातून हवा आत ओढली, स्स्स, मान तिरकी केली आणि गप्प झाले.

पाच सेकंद, दहा सेकंद. वर पंखा फिरतोय. आपल्याकडे भाव सांगितल्यावर समोरचा गप्प बसला की त्याचा अर्थ एकच, महाग वाटलं. दादानं पंधराव्या सेकंदाला तीन रुपये उतरवले. थोरले आणखी गप्प. दादानं आणखी चार रुपये सोडले. मी भाषांतर करावं की दादाच्या पायावर पाय द्यावा, ह्या विचारात असताना धाकटे माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "मालात काही दोष आहे का? आम्ही काहीच बोललो नाही आणि भाव का उतरतोय?"

अर्ध्या मिनिटात किलोला सात रुपये गेले, वर संशय पदरात. साहेब फक्त मनात हिशेब करत होते. तिथल्या बैठकीत गप्प राहणं म्हणजे समोरच्याचं बोलणं आपण गांभीर्यानं घेतलं, असं दाखवणं. मामा कोपऱ्यात बसला होता, त्याला जपानी येत नाही, पण बाजार येतो. तो म्हणाला, "दादा, पाणी पी." दादा पाणी प्याला. त्यानंतर तो गप्प बसायला शिकला, पण ते सात रुपये काही परत आले नाहीत.

दुसरा घोळ माझा. दादा बोलत असताना थोरले दर वाक्याला "हाय, हाय" म्हणत होते. दादानं माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं, कारण 'हाय' म्हणजे हो हे त्याला ठाऊक होतं. पण हा 'हाय' म्हणजे ऐकतोय, पुढे बोला. आपण फोनवर "हं... हं..." करतो तसा. ते मी आदल्या दिवशीच सांगायला हवं होतं. खरा नकारही ते 'नाही' ह्या शब्दात देत नाहीत. 'मुझुकाशी', म्हणजे 'अवघड आहे', असं आलं की बहुतेक वेळा विषय संपला. 'केंतो शिमास', विचार करतो, हे आपल्या 'बघू'च्या जवळचं. लग्नाच्या बैठकीत "कळवतो" म्हणून उठलेली मंडळी आपण पाहिलेली आहेत, त्यामुळे हे आपल्याला खरं तर अवघड जाऊ नये.

मग मालात उरणाऱ्या कीडनाशकांच्या अवशेषांचा मुद्दा आला. जपाननं २००६ मध्ये कीडनाशकांसाठी जो नियम आणला, त्यात ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला सरसकट ०.०१ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ०.०१ भाग. दादानं मोबाइलवर हिशेब केला: एका टनात दहा मिलिग्रॅम. चिमूटभर मीठसुद्धा त्याहून कितीतरी जास्त भरतं. धाकट्यांनी विचारलं, शेतकरीनिहाय माल वेगळा ठेवून, फवारणीची नोंद ठेवून, प्रत्येक खेपेची तपासणी करून देता येईल का?

दादा म्हणाला, "होतंय की!"

सांगलीच्या माणसाला मी हे समजावून सांगायची गरज नाही. 'होतंय की' म्हणजे तुम्ही काळजी करू नका, मी तुमच्या बाजूचा आहे, पुढचं पुढे बघू. ते आश्वासन नसतं, तो आपलेपणा असतो. मी मात्र थकले होते आणि तोंडातून निघून गेलं, "देकिमास". करता येईल. धाकट्यांनी तारीख विचारली. दादानं एप्रिल सांगितलं. धाकट्यांनी ते लिहिलं, दादाला वाचून दाखवलं, मग पुन्हा एकदा वाचून दाखवलं. तेव्हा कुठे दादाचा चेहरा बदलला. शेतकरीनिहाय माल म्हणजे यार्डातली खरेदी बंद, थेट बांधावर जाऊन करार, आणि चालू हंगामातली फवारणी तर कधीच होऊन गेलेली. रात्री दीड वाजेपर्यंत आम्ही तिघं ओसरीवर बसलो. सकाळी दादानं स्वतः साहेबांना सांगितलं: ह्या वर्षी नाही, पुढच्या हंगामात, पंधरा शेतकऱ्यांपासून सुरुवात. मला वाटलं सगळं संपलं. थोरले म्हणाले, "आता बरं वाटलं."

जाता जाता, हळद बाहेर पाठवायचा विचार असणाऱ्यांसाठी. आयात-निर्यात कोड आणि स्पायसेस बोर्डाची निर्यातदार नोंदणी आधी करून घ्या, अन्नसुरक्षेचा परवाना असतोच. भारत-जपान व्यापार करार १ ऑगस्ट २०११ पासून लागू आहे, त्याचा लाभ घ्यायचा तर उगमाचा दाखला लागतो. अवशेषांची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून आणि माल निघण्याआधी. बंदरावर पोचल्यावर नव्हे.

चौथा दिवस : तासगाव, विटा आणि परत

परतीला तासगाव-विटा-कराड असा रस्ता धरला. तासगावजवळ मामाच्या मित्राची द्राक्षबाग, आणि शेडमध्ये जाळ्यांवर बेदाणा वाळत घातलेला. पंधरा दिवसांच्या आसपास वाळतो, तोवर आभाळाकडे डोळे. त्या दिवशी ढग नव्हते, त्यामुळे काका खुशीत होते.

दादा गाडीत सारखा विचारत होता, साहेब एवढे मोठे, मग तिथल्या तिथे हो का म्हणत नाहीत? मी रिंगी समजावत होते. प्रस्तावाचा कागद खालून वर फिरतो, प्रत्येक विभाग शिक्का मारतो. थोरल्यांना एकट्याला हो म्हणता येत नाही, आणि सगळ्यांदेखत त्यांच्याकडून वदवून घेऊ गेलं तर त्यांचीच पंचाईत. कागद फिरायच्या आधी एकेकाला गाठून त्याचं मन बघून घेतात, त्याला 'नेमावाशी' म्हणतात. दादाला पटेना. "मग मालक कोण?"

बागेत थोरल्यांनीच तो शब्द उलगडला. नेमावाशी हा मूळचा माळ्यांचा शब्द. मोठं झाड दुसरीकडे न्यायचं तर कितीतरी आधी त्याच्या मुळांभोवती खणायचं, मुळं थोडी छाटायची, बारीक नवी मुळं फुटू द्यायची, मगच हलवायचं. मी मराठीत सांगत होते तोवर काकाच मधे म्हणाले, "आम्ही आंबा हलवला तवा तसंच केलं की. विहिरीला जागा पायजे होती. एका पावसाळ्यात निम्मं खणलं, दुसऱ्यात निम्मं. पोरगं म्हणत होतं जेसीबी आणू, एका दिवसात होतंय." सगळे तो आंबा बघायला गेलो. मोहोर भरगच्च होता. दादा झाडाखाली उभा राहून म्हणाला, "म्हणजे मी चार दिवस जेसीबी घेऊन फिरतोय."

विट्यात चहाला मामाच्या एका गलाईवाल्या स्नेह्यांकडे थांबलो. खानापूर-आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगलीत, हे आपल्याला माहीत आहे, पाहुण्यांना नव्हतं. ही माणसं दुष्काळातून उठून भाषा येत नसलेल्या गावांत गेली आणि तिथल्या सराफांनी विश्वासानं सोनं त्यांच्या हातात दिलं, हे ऐकून धाकट्यांनी पहिल्यांदाच वही मिटली. त्या काकांचं आयुष्य तमिळनाडूत गेलेलं. ते म्हणाले, "पहिलं वर्षभर मला वाटायचं सगळे माझं ऐकतायत. काही बोललं की 'सरी, सरी' म्हणायचे. मग कळलं, सरी म्हणजे ठीक आहे, कळलं. कबूल केलं असं नव्हे." थोरले खो खो हसले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हाय, हाय!"

पुण्यात रात्री नऊला पोचलो. निरोप घेताना थोरल्यांनी मामीसाठी निरोप दिला: वांगी फार छान होती. पाचव्या भाकरीबद्दल काही बोलले नाहीत.

पुढे दोन आठवडे काहीच नाही. दादा रोज फोन करायचा. तिथे आर्थिक वर्ष आपल्यासारखंच एप्रिलपासून, मार्च म्हणजे धावपळ, असं मी समजावत राहिले. मग एका पहाटे मेल आली. ऑर्डर नव्हती. सत्तावीस प्रश्न होते: पंधरा शेतकऱ्यांची निवड कशी करणार, पोत्यांवर खूण कोणती, गिरणीतल्या कामगारांची अंगठी-बांगडीची पद्धत काय, चाळणीची जाळी किती दिवसांनी बदलता. दादा वैतागला. "नाही म्हणायचंय तर सरळ म्हणा की, परीक्षा कसली घेताय?" मी म्हटलं, नाही म्हणणारा माणूस सत्तावीस प्रश्न टाइप करत बसत नाही. एका ओळीत आभार मानतो आणि गप्प होतो.

संध्याकाळी त्यानं उत्तरांचा पहिला खर्डा पाठवला. पहिल्या प्रश्नासमोर लिहिलं होतं, "होतंय की." मी ते खोडलं आणि त्याला फोन लावला. "दादा, तारीख सांग."

"थांब," तो म्हणाला, "शेतकऱ्यांना विचारून सांगतो."